हत्यार स्वतःचे आणावे

एका निमंत्रणामागे एक होकार येईलच असं नाही, किस्सा मात्र हमखास येतो! दोन महिने मी गोंदियाकडचं सालेकसा, देवरी, चिचगड पालथं घातलं. काम एकच, खेळायला माणसं गोळा करणं.

खेळ माझ्या मित्राचा, दिगूचा. पुण्याला नोकरीत असताना तो हे शिकून आला. हजार वर्षांपूर्वीच्या, युरोपच्या बर्फाळ मुलखातल्या व्हायकिंग लोकांचं गाव मांडायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि दिवसभर त्या पात्रासारखंच वागायचं. स्टेज नाही, प्रेक्षक नाही. पण वीस माणसं तरी पाहिजेत, आणि मागच्या वर्षी आले होते सात!

"यंदा वीस नाही झाले तं खेळ बंद. बाबाच्या गिरणीत जाऊन बसतो," दिगू म्हणाला. त्याचे बाबा, सुखरामकाका, त्याचीच वाट पाहत होते. पोरगा काय करते असं कोणी विचारलं की म्हणायचे, "काही नाही. सोंगं करते."

*

पहिला मेसेज मीच व्हॉट्सॲपवर टाकला. "रविवारी जंगलात जमणे. हत्यार स्वतःचे आणावे."

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन! "हत्यारं घेऊन जंगलात कायले जमून राहिले बे तुम्ही?"

आमच्या नक्षलग्रस्त भागात असा मेसेज टाकणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल? खेळातली फोमची कुऱ्हाड काखोटीला मारून धावत गेलो. साहेबांनी ती दाबून पाहिली. मग हवालदाराच्या पाठीत दोनदा हाणली आणि विचारलं, "ऑफिससाठी एखादी मिळेल का?"

परवानगी तर मिळालीच, वर तो हवालदार सुट्टी टाकून खेळायला आला. देव त्याचं भलं करो!

*

चिचगडचे नामदेवभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक करायचे. त्यांना गाठलं.

"संवाद कोन लिवते?"

"संवाद नाहीत भाऊ. मनात येईल ते बोलाचं."

"मनात येईल ते?"

"हाव."

भाऊंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, आवाज खाली केला. "पयले माझं नाव लिवा!"

*

गोंदियाच्या बाजारात मासे विकणारे रफीकभाई म्हणाले, "ये बर्फवाले लोग खाते क्या थे?"

"मछली."

"फिर तो अपने ही लोग हैं!" आले, आणि येताना सगळ्यांपुरते मासे घेऊन आले. पैसे विचारले तर रागावले. अशा माणसांचे आभार मानायचे तरी कसे?

*

शाळेतल्या टेंभरेबाईंना मी तोंडभरून म्हणालो, "चूलबंद या!" आमच्याकडे लग्नाचं चूलबंद आमंत्रण म्हणजे घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. बाई सासूसकट सात जण घेऊन हजर!

सासूबाईंनी विचारलं, "नवरी कुठी हाय?"

"नवरी नाही आजी. इथं लढाई आहे."

"मंग एकच झालं!" म्हणत आजींनी पदर खोचला.

*

तरी रविवारी दहा वाजेपर्यंत एकोणीसच झाले. आजींना धरून एकोणीस! जंगलाकडेच्या आमराईत गाव मांडलं होतं, तिथं दिगू खाली मान घालून बसला. मला तर त्याच्याकडे पाहवेना.

आत शिरताना व्हायकिंग रीतीनं आपलं नाव सांगायचं आणि आपण कोणाचे लेक तेही सांगायचं, असा नियम. दारावर नामदेवभाऊ भाला घेऊन उभे. तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. सुखरामकाका उतरले. रणरणत्या उन्हात अंगावर घोंगडी!

भाऊंनी खलनायकी आवाज लावला. "नाव?"

"सुखराम."

"कोनाचे लेक?"

काकांनी घोंगडी सावरली, आत बसलेल्या दिगूकडे पाहिलं.

"लेक-बिक नाही. दिगूचा बाप. तसंच लिव."