वीस वर्षांचं रान

जानेवारीत मामाच्या डोंगरउतारावर रानतोड चालू होती. यंत्राची करवत दोन मिनिटांत एक झाड आडवं करत होती. पडलेले ऐन-किंजळ जेमतेम माझ्या मांडीएवढे जाड होते.

"मामा, आणखी वीस वर्षं थांबला असतास तर?"

"झाडांच्या मोजणीला आलेले साहेबही हेच म्हणाले. झाडं आत्ता कुठं वाढीला लागलीत, हवेतला धूर आता जास्त पितील, म्हणाले. झाडं थांबतील गं, पण मी शहात्तरचा झालो. पोरं मुंबईला. उद्या वणवा लागला तर विझवणार कोण?"

आपला सगळा हिशेब आपल्या आयुष्याएवढाच लांब असतो, आणि झाडाचा तिथं जेमतेम सुरू होतो. या रानानं वीस वर्षं पानापानानं हवेतून जे लाकडात साठवलं, ते आठवडाभरात कुठल्याशा कारखान्याच्या भट्टीतून पुन्हा आभाळात जाणार होतं.

मामानं नुकत्याच कापलेल्या खुंटावर तळवा टेकला. हाताला झाडाचं पाणी लागलं. ते त्यानं लुंगीला पुसलं आणि करवतवाल्याला म्हणाला, "पुढचं घे."