धुक्यातली गाडी आणि दादाची भेट

देवाने आपली हाक ऐकली असं लोक सांगतात, तेव्हा मी गप्प बसते. माझीही ऐकली, पण अर्धीच.

दादा, माझा मोठा भाऊ, गुरुग्रामच्या एका रुग्णालयात होता. थंडीतल्या एका सकाळी वहिनींचा फोन आला, "लवकर निघा. तुम्हालाच विचारताहेत." यजमान दौऱ्यावर होते. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरबाहेर दाट धुकं. कॅबवाले एकामागून एक नकार देत होते. गाडीला किल्ली लावली, तर नुसतं कटकट वाजलं आणि दिवे मंदावले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून दत्तमहाराजांना म्हणाले, "दादाला वाचवा. निदान मला पोचवा तरी."

काचेवर टकटक झाली. समोरचे भाटियाजी. गाडी लावण्याच्या जागेवरून आमचं इतकं वाजलं होतं, की वर्षभर बोलणं बंद होतं.

"बॉनेट खोलिए," एवढंच म्हणाले.

त्यांनी बॅटरीला मीटर लावला. "बारह वोल्ट से नीचे है. मरी नहीं है, कमज़ोर है." स्वतःची गाडी शेजारी आणून तिच्या बॅटरीपासून माझ्या बॅटरीला केबल जोडल्या, तरी सुरू होईना. मग त्यांनी केबल काढल्या, बॅटरीची टोकं सोडवली. त्यांवर पांढरा थर साचला होता. गरम पाण्याने धुऊन, घासून, कोरडी करून पुन्हा आवळली, केबल जोडल्या.

"अब सेल्फ दीजिए."

इंजिन धडधडलं. मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रास्ते में बंद मत कीजिएगा. जाइए."

रुग्णालयात पोचले तेव्हा दादा शुद्धीवर होता. "एवढ्या धुक्यात आलीस?" म्हणाला. माझा हात धरून पडून राहिला. दुपारी गेला.

सत्संगातल्या बायका म्हणाल्या, "महाराजच आले गं, भाटियांच्या रूपाने." मला संताप आला. बॅटरीत जीव घालता आला, मग माझ्या भावात का नाही? कित्येक दिवस मी देवापुढे दिवा लावला नाही.

आता लावते. समजूत पटली म्हणून नव्हे. दादाचा हात शेवटी माझ्या हातात होता, ते देणं मला नाकारता येत नाही, एवढंच. बाकीचा राग आहे तसा आहे. पण रागवायलाही मी त्याच्याचपुढे जाऊन बसते, दुसरीकडे कुठे जाणार?