शालिकभाऊ आणि बिनडोळ्यांचे मुखवटे

शालिकभाऊ कधीही दाराकडे पाठ करून बसले नाहीत. लग्नाच्या पंगतीतही आधी भिंत शोधायचे, आणि भिंतीलगत जागा नसली तर पुढच्या पंगतीपर्यंत ताटकळत उभे राहायचे. सिंदेवाहीहून आत, जंगलाला टेकलेल्या आमच्या गावात त्यांचं दुकान होतं. बॅटऱ्या, छत्र्या, खेळणी, माळा, वाट्टेल ते मिळायचं. शेजारीच माझं ऑनलाइन सेंटर. तिथवर यायला चार पावलं पुरत, पण तेवढ्यातही भाऊ मागं वळून बघायचे. पोरं हसायची. मीही हसायचो.

एकदा त्यांनी कारण सांगितलं आणि माझं हसणं बंद झालं. लहानपणी ते आईबरोबर मोहफुलं वेचून परत येत होते. "मी पुढं होतो, माय मांगं. बोलून राह्यली होती. मंग बोलेनाशी झाली. पलटून पायलं त टोपली होती, माय नोती." एवढं बोलून ते गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानात गेले.

असा भित्रा माणूस परदेशातून ठोकात माल मागवायचा, याचं मला नवल वाटे. माझ्या कॉम्प्युटरवर माल पसंत करायचे. नागपूरचा एजंट तो बंदराजवळच्या मुक्त व्यापार क्षेत्रातल्या गोदामात उतरवून घ्यायचा. तिथं माल पडून असेपर्यंत आयातकर लागत नाही. लागेल तेवढाच माल कर भरून बाहेर काढायचा. हा प्रकार भाऊंच्या काही गळी उतरला नाही. "माल हिंदुस्थानात हाये म्हंते, पन कायद्यानं भाईर हाये म्हंते. असं कसं बाप्पा? हे त भुतावानी झालं!" पेट्या हाती येईपर्यंत त्यांना जेवण जात नसे.

त्या वर्षी शेजारच्या गावातली एक बाई वाघानं नेली. गावसभेत वनखात्याच्या माणसानं सांगितलं, वाघ पाठीमागून येतो; डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधा, डोळे दिसले की तो बिचकतो. लोक ऐकून घरी गेले. भाऊ थेट माझ्याकडे आले. त्यांची बायको वत्सलाबाई आणि माझी आई, दोघी दरवर्षी मोह वेचायला जात.

"प्रकाश, मुखोटे पाय. अख्ख्या गावाले पुरले पायजे."

आम्ही खूप चित्रं पाहिली. शेवटी एक मिशाळ चेहरा भाऊंना पटला. त्याचे डोळे मोठे, चमकदार होते. "डोये पाय कसे हायेत! मलेच भेव वाटून राह्यलं," म्हणाले. विकणारा मोठ्या लॉटपेक्षा कमी द्यायला तयार नव्हता. सगळा माल गोदामात उतरला आणि भाऊंनी आमच्या गावापुरत्या पेट्या आधी काढून घेतल्या.

पेट्या आल्या तेव्हा मोह गळायला लागला होता. बाया दुकानासमोर जमल्या. भाऊंनी पहिला मुखवटा उचलला. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. फोटोतले डोळे मुखवट्याचे नव्हतेच, तो घालून बसलेल्या माणसाचे होते! मुखवटा तोंडावर घालतात आणि दिसायला भोकं लागतात. डोक्यामागं बांधणाऱ्यांचा विचार तिकडं कोण करणार? आईनं एक बांधून पाहिला. भोकांतून तिचे केस दिसले. भाऊ मटकन खाली बसले, दाराकडे पाठ करून.

एजंट म्हणाला, गोदामातला माल तिथूनच परत पाठवू, पण रंगवलेल्या डोळ्यांचे मुखवटे यायला वेळ लागेल. तोवर मोह संपणार होता. आम्ही कागदी डोळे चिकटवले, मुखवटे रात्रभर अंगणात टांगून पाहिले, तर सकाळपर्यंत ते डोळे दवानं गळून पडले होते.

"मोह का मुखोट्यासाठी थांबते?" वत्सलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे बाया निघाल्या. मीही आईबरोबर निघालो. गावाच्या टोकाला शालिकभाऊ उभे.

"मी सगळ्याइच्या मांगं चालतो."

"तुमी? तुमाले त मांजर आडवं गेलं तरी घाम फुटते!" वत्सलाबाई म्हणाल्या.

"म्हनूनच म्हंतो. मले मांगं पायाची सवय हाये."

आणि ते खरंच उलटे चालले. तोंड मागं, आणि ठेचकाळू नये म्हणून वत्सलाबाईंच्या पदराचं टोक मुठीत. बाया आधी हसल्या, मग वाटेला लागल्या. रोज असंच सुरू झालं.

एका सकाळी परत येताना वत्सलाबाईंचा पदर ताणला गेला. त्या थांबल्या. मी वळून पाहिलं. सागाच्या झाडांमधून वाघ पायवाटेवर आला होता. भाऊ त्याच्याकडे तोंड करून उभे होते. त्यांचा पायजमा थरथरताना मला स्पष्ट दिसत होता. तरी ते हळू आवाजात बोलत होते, "मी पाहून राह्यलो तुले. मी पाहून राह्यलो." वाघ उभा राहिला. त्यानं भाऊंकडे पाहिलं. मग मान वळवून बांबूत शिरला.

कुणी पळालं नाही. गावात पोचल्यावर भाऊंना उलटी झाली. वत्सलाबाई त्यांची पाठ चोळत होत्या. "लय भेव वाटलं वो," ते म्हणाले, "अजून वाटून राह्यलं." दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा गावाच्या टोकाला हजर होते.

रंगवलेल्या डोळ्यांचे मुखवटे मोह संपल्यावर आले. आता ते घरोघरी खुंटीला आहेत.

गेल्या हिवाळ्यात शालिकभाऊ दुकानातच गेले, भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या. स्मशान जंगलाच्या कडेला आहे. अग्नी दिल्यावर जाणत्यांनी रीतीप्रमाणे बजावलं, आता घरापर्यंत कोणी मागं वळून पाहायचं नाही. सगळे एकामागे एक निघाले. शेवटी मी होतो. थोडं चाललो आणि मला राहवेना. मी वळलो. मागं वाट रिकामी होती, तिथं आता कोणीच चालत नव्हतं. मला फार भीती वाटली. रीत मोडून मी तसाच, जंगलाकडे तोंड करून, उलटा चालत गावापर्यंत आलो.