नाव घातलेला डबा

आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत. सिंगापुरात येऊन इतकी वर्षं झाली, पासपोर्ट बदलला, लेक इंग्रजीत भांडायला लागली, पण ही सवय काही सुटली नाही. कुणी भाजणी दिली की त्याच डब्यातून चार लाडू जायचे. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर तरी. माझी आणि माझ्या मैत्रिणीची अठरा वर्षांची मैत्री अशी डब्यांवर चालली. मी एचडीबीच्या सरकारी फ्लॅटमध्ये, ती रस्त्यापलीकडच्या महागड्या खाजगी कॉन्डोत, आणि आमचे डबे सतत सिग्नल ओलांडत असायचे.

एकदा तिच्याकडे चहा पिताना टीव्हीवर तुर्कस्तानचा दक्षिण किनारा दाखवत होते. दोन हजार वर्षांपूर्वीची देवळं, छप्पर नाही, भिंती नाहीत, नुसते खांब, आणि तेही थेट समुद्राच्या वाळूत. लोक त्या पडलेल्या दगडांवर टॉवेल वाळत टाकून पोहायला जात होते. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "आपण इथे जायचं. दोघीच. नवरे नकोत, पोरं नकोत." ती म्हणाली, "ठरलं!"

तेव्हापासून तीन वर्षं मी एका वहीत लिहीत होते. जायचं स्वस्तातच होतं, त्यामुळे सगळं शोधून काढावं लागणार होतं. कुठली मिनीबस कुठे बदलायची, तिकीट न काढता कुठले अवशेष बघता येतात, कुठल्या बाई अंगणात लिंबाचं झाड असलेली खोली भाड्याने देतात. ती खोली तळमजल्यावरची होती, म्हणून मी तिच्याभोवती चौकोन काढून ठेवला होता. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. नोव्हेना भागातल्या दवाखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या गुडघ्यांच्या अपॉइंटमेंट लावते आणि माझा तसाच ओढत घरी नेते.

तालीम म्हणून आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. अर्ध्या वाटेतच माझा गुडघा आखडला आणि मी झाडाखाली रडायला लागले. तिने दोन्ही सायकली ढकलत जेटीपर्यंत आणल्या. म्हणाली, "अगं रडतेस काय वेड्यासारखी? ती देवळं दोन हजार वर्षं थांबलीत, तुझ्यासाठी अजून दहा मिनिटं थांबतील की!" हे वाक्य मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं.

माझी रजा मंजूर झाली आणि आठवड्याभरात ती म्हणाली, "यंदा नाही गं जमत. ऑफिस फ्रँकफर्टला पाठवतंय." मी हिरमुसले, पण ऑफिसपुढे कुणाचं काय चालतं? मी रजा रद्द केली. मग तिने लाडीगोडी लावली. "तिकडे मी खाऊ काय? तुझ्या दशम्या देशील? आणि ती वही दे ना, संध्याकाळी हॉटेलवर निवांत वाचीन, पुढच्या वर्षीची तयारी." मी खुळी! दुधातल्या दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि प्रवासाला म्हणून आईचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा काढला. माझ्या लग्नात आईने दिलेला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलेला. डबा आणि वही मी स्वतः नेऊन दिली. वर तिच्या हातावर दही ठेवलं.

पाच दिवसांनी लेक मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "आई, धिस वन आजीचा डबा, लाह!"

मैत्रिणीच्या कॉन्डोतल्याच एका बाईने फोटो टाकला होता. मागे निळाशार समुद्र, खांब, पडलेल्या दगडावर टॉवेल. त्या दगडावर आईचा डबा, झाकण उघडून कॅमेऱ्याकडे टेकवलेलं. फोटो मोठा केला तर नाव लख्ख वाचता येत होतं. मैत्रीण दशमीचा घास घेत हसत होती, आणि शेजारी तिच्या कॉन्डोतल्याच आणखी दोघीजणी. मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले. आईच्या नावाच्या कडेला मैत्रिणीच्या सनस्क्रीनची बाटली सावली टाकत होती, तेच मी बघत राहिले.

परत आल्यावर ती आपणहून आली. डब्यात सुके अंजीर भरून. काखेत वही.

"फ्रँकफर्टला अंजीर छान मिळतात वाटतं," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. मग भराभर बोलत सुटली. "अगं, तुला त्रास झाला असता. तिथे फार चढ आहेत, दगड निसटतात. त्या दोघी भराभर चालतात. तुला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं."

"नाही म्हणायचं जिवावर आलं, आणि दशम्या मागायचं नाही आलं?"

तिने काखेतली वही पुढे केली. मी वही उघडली. माझ्या अक्षरातल्या प्रत्येक ओळीपुढे तिने बरोबरची खूण केली होती. मिनीबस, बरोबर. जुनं दगडी थिएटर, बरोबर. लिंबाच्या झाडाची तळमजल्यावरची खोली, माझ्या गुडघ्यासाठी शोधलेली, तीही बरोबर. मला फसवलं याचा राग होताच. पण माझ्यासाठी दहा मिनिटं थांबायला खरं तर कुणीच तयार नव्हतं, देवळं सोडून, हे तिने लपवलं होतं, आणि ते मला जास्त लागलं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं.

ती जायला निघाली तेव्हा मी म्हटलं, "थांब. तुझाही एक डबा आहे माझ्याकडे."

तिचा निळ्या झाकणाचा डबा फडताळात होता. शेजारच्या बरणीत बेसनाचे लाडू होते, आदल्याच आठवड्यात केलेले. हात सवयीने बरणीकडे गेला. मी तो मागे घेतला आणि डबा तसाच तिच्या हातात दिला.

वजनावरूनच तिला कळलं असणार. तरी तिने दारात उभं राहून झाकण उघडलं. आत बघितलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले तिचे. "अगं..." म्हणाली.

"घासूनपुसून ठेवलाय," मी म्हटलं. "अगदी कोरडा आहे."