शेपटीवरचे खड्डे

रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही. सरकारी विमान कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये मी तीस वर्षं तपासनीस होते. माझी सही झाल्याशिवाय रंगवलेला पत्रा पुढं सरकत नसे. प्रायमर एका जातीचा आणि वरचा रंग दुसऱ्या जातीचा असला की रंग कसा सुरकुततो, फुगतो, नखानं ओढला की कसा सालीसारखा निघतो, ते मी ढिगानं पाहिलंय. "चालतंय हो मॅडम" म्हणणाऱ्यांना तर मी उभं जाळलं असतं. आणि तरी जे झालं ते माझ्याच हातून झालं, आमच्याच गच्चीवर, भर सकाळी.

आमचे हे त्याच कारखान्यात डिझाइनला होते. निवृत्तीनंतर ह्यांना रिमोटवर उडणारी छोटी विमानं करायचा नाद लागला. घरभर थर्माकोलचा भुगा. मी करवादायची, पण मनातून बरं वाटायचं. गेल्या वर्षी मात्र ते सगळं एकदम थांबलं. खुर्ची, पेपर, खिडकी, बस्स. विचारलं तर म्हणायचे, "कंटाळा आला." दिवसभर बडबड करणारा माणूस दोन वाक्यांवर आला.

मग एक दिवस ह्यांनी आपणहून माळ्यावरचं थर्माकोल काढलं. मी देवापुढं साखर ठेवली, खोटं कशाला सांगू? हेब्बाळच्या पलीकडच्या मैदानावर पुढच्या महिन्यात एका रविवारी उडवायचं, असं ह्यांनी जुन्या मित्रांना फोन करून सांगूनही टाकलं. वर्षभरात कुणाला आपणहून केलेला तो पहिला फोन. हे विमान पुरं झालं नाही तर हा माणूस परत खुर्चीत जाईल आणि तिथून उठायचा नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात बसलं होतं.

काम मात्र दार लावून चालायचं. महिन्यानं दार उघडलं आणि म्हणाले, "रंग तू मार. स्प्रेनंच मार."

"अगंबाई! स्प्रेचे डबे म्हणजे आळशांचं काम ना हो? तुमचेच शब्द."

"म्हातारा झालो, आळशी होऊ दे की आता," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले.

आता थर्माकोलचं असं आहे, की स्प्रेमधलं थिनर त्याला खातं. म्हणून आधी सुताराच्या पांढऱ्या गोंदाचे दोन हात ब्रशनं द्यायचे. तो वाळून पापुद्रा धरला की वरून स्प्रे हलका मारायचा. पापुद्रा अखंड असेल तर थिनर आत शिरत नाही. गोंदाचं काम ह्यांनी आधीच उरकलं होतं. मी यशवंतपूरला जाऊन प्रायमर आणि पिवळा, दोन्ही एकाच जातीचे बघून आणले. दुकानदार म्हणाला, "अक्का, आधी स्वल्प तुकड्यावर मारून बघा." मला सांगतोय! "सरी सरी," असं त्याच्याच कानडीत हो म्हणून मी डबे पिशवीत टाकले.

तुकड्यावर मारायचं तर आमच्या घरचा नियमच होता. कारखान्यातला, तिथूनच घरी आणलेला. प्रत्येक भागाबरोबर एक पट्टी करायची: त्याच मालाची, त्याच दिवशी, त्याच हातानं. आधी पट्टी रंगवायची, मी तपासायची, रजिस्टरात सही करायची. मी पट्टी मागितली तर हे म्हणाले, "या वेळी केली नाही. मागची आहे ना ड्रॉवरमध्ये, तेच थर्माकोल, तोच गोंद."

वर्षापूर्वीची पट्टी! कारखान्यात कुणी असली पट्टी पुढं केली असती तर त्याच्याच अंगावर भिरकावली असती. पण रविवार तोंडावर आला होता आणि ह्यांचा चेहरा कधी नव्हे तो उजळला होता. घेतली मुकाट्यानं. प्रायमर मारला, वाळवला, वर पिवळा मारला. ओरखडा नाही, सुरकुती नाही. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, हवेतला ओलावा गेल्यावर, विमानाची शेपटी गच्चीवर कपड्यांच्या तारेला टांगली. हातभर लांबून हलका प्रायमर मारला. मिनिटभर सगळं ठीक. मग एक खड्डा पडला. मग दुसरा. मी फडक्यानं टिपायला गेले तर आणखीच पसरले. "अरे देवा, अरे देवा" करत मी नुसती बघत राहिले.

सवय मेली जात नाही. खड्डे मोजायला लागले, आणि दिसलं, की ते सगळीकडे नव्हतेच. तुटक ओळींत होते. ब्रश जिथं जिथं उडून गोंद सुटला होता, तिथं तिथं. मागच्या वर्षीच्या पट्टीवर ह्यांचा हाच हात एकसारखा फिरला होता.

मी टाकीला टेकून खालीच बसले. आता एकेक आठवायला लागलं. चहा अर्धाच कप लागायचा. बटणांचे शर्ट कपाटात पडून होते, रोज टी-शर्ट. बंद दार. केसाएवढी भेग हुडकणारी मी, रोज समोर जेवायला बसणाऱ्या माणसाचा हात मला दिसला नाही. उलट आळशी म्हणून चिडवलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

खाली जाऊन मी रजिस्टर उघडलं. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'स्प्रे फार जवळून मारला.' खाली सही ठोकली. आयुष्यातली पहिली खोटी नोंद.

"माझं चुकलं हो," शेपटी टेबलावर ठेवत मी म्हटलं. "दुसरी करू."

ह्यांनी नोंद वाचली. खड्ड्यांवरून बोट फिरवलं, एका ओळीवरून, मग दुसऱ्या.

"तू? आणि डबा जवळ धरशील?"

ह्यांनी पेन घेतलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि माझी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'गोंद नीट बसला नाही. हात थरथरतो.' दोन ओळींच्या मध्ये मावणारं अक्षर होतं ह्यांचं. आता सहा शब्दांना अर्धं पान लागलं.

"सही कर."

"नाही करणार."

"खोट्याखाली केलीस ना?"

मी सही केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भानही नव्हतं. ह्यांनी पेनला टोपण लावायचा दोनदा प्रयत्न केला, मग ते माझ्याकडे दिलं.

"डॉक्टरकडे जाऊ उद्या," ते म्हणाले. "ही शेपटी बरोबर घे. मला तोंडानं सांगता यायचं नाही."