प्रत्येक खुर्चीवर एक हातमोजा

स्कीच्या डोंगरावर पोचलं की काकू आधी पायथ्याच्या लॉजमधलं, म्हणजे तिथल्या खाण्याच्या हॉलमधलं, खिडकीजवळचं लांब टेबल गाठायच्या. पिशवीतून हातमोजे काढायच्या आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवायच्या. कोणी अमेरिकन ट्रे घेऊन आशेनं जवळ आला, तर रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून गोड हसत म्हणायच्या, "सॉरी, ऑल फॅमिली."

आणि आम्हाला म्हणायच्या, "तुम्ही जा रे. मी आहे इथे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्या मंडळींची सहल कुठेही जावो, सामानाजवळ बसणारं कोणीतरी लागतंच. आमच्या बॉथेल गावातल्या मराठी ग्रुपमध्ये ते काम काकूंकडे कधी आलं, कोणालाच आठवत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या, काका गेल्यानंतर एकट्या राहणाऱ्या, आमच्या घरापासून तीन घरं सोडून. दर हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही चार-पाच गाड्या काढून डोंगरावर जायचो. दिवसभर आम्ही घसरायचो आणि काकू जॅकेट, बूट, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चहाचे थर्मास सांभाळायच्या. परतलं की विचारायच्या, "हाडं जागेवर आहेत ना सगळ्यांची? मग खा."

त्या वर्षी जायच्या आधी त्या माझ्याकडे आल्या. सोफ्यावर न बसता दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "या वेळी मला शिकवशील? तो लहान मुलांचा उतार असतो ना, तेवढाच."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"इतकी वर्षं त्या खिडकीतून तुम्हाला बघतेय. एकदा तिकडून ती खिडकी बघायची आहे. पण कोणाला सांगू नकोस हं. जमलं तर मीच सांगेन. पडले तर तुझ्यामाझ्यात."

"काकू, नक्की," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो होतो, हेही लिहून ठेवतो.

त्या शनिवारी बाकीचे वर गेल्यावर मी काकूंसाठी माझ्या नावावर स्की आणि बूट भाड्यानं घेतले. स्की बाहेर लावून ठेवल्या. बूट चढवायला मी गुडघ्यावर बसलो तर म्हणाल्या, "अरे, मी काय जावई आहे का, पाय धरतोयस?" ते बूट म्हणजे प्लॅस्टिकचं प्लास्टरच. एकेक बक्कल ओढून बंद करताना त्यांना कळ येत होती, पण चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखा. जांभळी पँट त्यांनी नवी घेतली होती. जॅकेटवरून शाल घेऊन पाठीमागे गाठ मारली होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझं नाव घेतलं. आमच्या ऑफिसचा डायरेक्टर, सोबत टीममधले दोघं. "वरपर्यंत येतोस? आज बर्फ काय सुंदर पडलाय!"

आता खरं सांगतो. वर जायचा मोह होता, डायरेक्टरबरोबर डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या उघड्या पाळण्यात बसायचाही होता. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. पाच-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत, शालीची गाठ मारलेल्या काकूंचा हात धरून मी चाललोय आणि हे तिघं लिफ्टमधून बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला लाज वाटली. काकूंची.

"काकू, जरा टेबल धरता? एक राऊंड मारून दहा मिनिटांत आलोच."

काकूंनी त्या तिघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जा की. मी आहे इथे."

एका राऊंडचे किती झाले, मोजले नाहीत. दरवेळी खाली आलो की लॉजची खिडकी दिसायची, आणि मी दुसरीकडे बघायचो.

परत आलो तेव्हा आमची मंडळी टेबलाशी जमून खो-खो हसत होती. काकू मध्ये बसलेल्या, पायात अजून ते बूट. बक्कलं त्यांना उघडता आली नव्हती. आमच्यातली एक वहिनी खाली बसून खटपट करत होती.

"अहो काकू, हे बसायचे बूट नाहीत हो! कुठून मिळवलेत?"

"इथेच पडले होते. उबदार दिसले म्हणून घातले."

पुन्हा हशा. कोणीतरी फोटो काढला. "काकूंचं म्हणजे यार... चप्पल समजल्या!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवत होत्या त्या. मी एक वाक्य बोललो असतो तर हसणं जागच्या जागी थांबलं असतं. नुसतं गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, पण मी हसलो. सगळ्यांबरोबर, चांगला आवाज करून हसलो. मग गुडघ्यावर बसून बक्कलं उघडली. पाय सुजले होते, मोज्याची वीण घोट्यावर उमटली होती.

उतरताना काकू माझ्याच गाडीत, पुढच्या सीटवर. मागचे झोपले होते. घाट संपल्यावर त्यांनी विचारलं, "तो लहान मुलांचा उतार किती वाजता बंद होतो रे?"

"चारला."

"म्हणजे आपण निघालो तेव्हा चालू होता."

त्यात राग नव्हता. लॅबमध्ये रिपोर्ट वाचावा तसं म्हणाल्या, आणि पुढे हायवेवरच्या पाट्या वाचत राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात, शिकवू का, असं मी स्वतःहून विचारलं. "गुडघा नाही म्हणतोय," एवढंच म्हणाल्या, आणि पुऱ्यांचा डबा दिला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात काकू नव्हत्या.

शोकसभेला त्यांची मुलगी शिकागोहून आली होती. इथेच जन्मलेली, मराठी समजतं, बोलते निम्मं इंग्रजीत. सगळे गेल्यावर तिनं मला बाजूला घेतलं आणि माझे दोन्ही हात हातात धरले.

"थँक यू फॉर टीचिंग आई टू स्की. त्या रात्री तिनं मला फोन केला होता. शी वॉज सो हॅपी. म्हणाली, तू पूर्ण वेळ तिचा हात धरला होतास."

तिनं माझे हात सोडले नाहीत.

"शी सेड शी फेल ओन्ली वन्स. इज दॅट ट्रू?"

"हो," मी म्हणालो. "एकदाच."

ती रडत रडत हसली. मीही मान हलवली, जणू मला तो उतार, ते पडणं, ते उठवणं सगळं आठवत होतं.

हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहितोय, आणि मराठीत लिहितोय. काकूंच्या मुलीला मराठी वाचता येत नाही.