पेपर नसलेल्या दिवशी

कडुलिंब फुलला, त्याचा कडसर गोड वास आला, की मला मोडनिंबच्या शाळेचं कुलूप लावलेलं गेट दिसतं. नात तेव्हा दहावीला होती. आदल्या संध्याकाळी म्हणाली, “आबा, उद्या पेपर न्हाय. परवा गणिताचा हाय.” मला ते खरं वाटेना. मी चौथीतनं शाळा सोडलेला, पण माणूस ओळखतो. कामाला खाडा असतो, बोर्डाच्या परीक्षेला कसला खाडा? पोरगी गणिताला भिऊन दांडी मारतीय, असं मी धरलं. तिनं मोबाईलवर वेळापत्रक दाखवलं. “त्यात कुणीबी कायबी लिवतंय,” म्हणालो आणि सकाळी शेरडं शेजाऱ्यावर सोपवून तिला घेऊन मोडनिंबची एसटी धरली. गेटवर शिपाई हसला. “आज्जा, आज सुट्टी हाय की! उद्या या, साडेधाच्या आत.” त्याच्यावरही माझा भरवसा नव्हता. मग त्यानं भिंतीवरचा वेळापत्रकाचा कागद दाखवला. आकडे मला वाचता येतात. गणितापुढं उद्याचीच तारीख होती. परतीची गाडी चारला होती.  गेटाजवळच्या फुललेल्या कडुलिंबाखाली बसून नातीनं पिशवीतनं गणिताचं पुस्तक काढलं, आणि मागोमाग दोघांच्या भाकरी. “पेपरला कुणी भाकरी आणतं व्हय गं?” मी विचारलं. “खावा की गप, आबा,” म्हणाली आणि गणितं सोडवत राहिली, पार चारपर्यंत. घरी असती तर मी तिला शेरडांमागं धाडलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती गणितात चांगली पास झाली. माझं चुकलं असं मी आजवर कबूल केलेलं नाही. त्या दिवशी मी तिला नेलं की तिनंच मला नेलं, याचा संशय मात्र अजून फिटलेला नाही.